हरभऱ्याच्या मुळातील उंबरठे

हरभऱ्याच्या कोवळ्या मुळाचा पातळ आडवा छेद सॅफ्रानीनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की मध्यभागी चार टोकांची लाल चांदणी दिसते. विज्ञान शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांनी ही आकृती प्रयोगवहीत काढलेली असते. तिच्यातील प्रत्येक वलयाला नेमून दिलेले काम आहे, आणि शेतातला हरभरा तगतो की वाळतो हे त्या कामाशी निगडित आहे.

सर्वांत बाहेर अपित्वचेचा एकच थर असतो. त्यातील काही पेशी लांबून मूलरोम बनतात व मातीच्या कणांमधील पाणी शोषतात. त्याच्या आत बाह्यक, म्हणजे पातळ भित्तिकांच्या पेशींच्या अनेक रांगा. या पेशींत पिष्टमय अन्न साठते आणि त्यांच्यामधील पोकळ्यांत हवा खेळते. मुळेही श्वसन करतात. म्हणूनच रानात पाणी साचून मातीतील हवा निघून गेली, की पाण्यात उभे असलेले रोपही माना टाकते.

बाह्यकाच्या शेवटी अंतस्त्वचा असते. येथवर पाणी पेशींच्या भित्तिकांमधून मोकळेपणाने झिरपत येऊ शकते. अंतस्त्वचेच्या पेशींभोवती मात्र पाणी अडविणारी एक पट्टी असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅस्परी यांनी १८६५ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला कॅस्परी पट्टी म्हणतात. तिच्यामुळे पाण्याला व क्षारांना जिवंत पेशीच्या पटलातूनच पुढे जावे लागते. काय आत घ्यावे आणि काय रोखावे, याची निवड तेथे होते.

या उंबरठ्याच्या आत परिरंभ आहे. मुळाच्या शाखा याच थरातून जन्मतात आणि बाह्यक फोडून बाहेर येतात. त्याच्या आत पाणी वर नेणारे प्रकाष्ठ व पानांत तयार झालेले अन्न आणणारे परिकाष्ठ आळीपाळीने मांडलेले असते. ती लाल चांदणी म्हणजेच प्रकाष्ठ. मक्याच्या मुळात अशा पट्ट्यांची संख्या अधिक असून मध्यभागी भेंड असते.

आता या घरात येणारे दोन पाहुणे पाहू. रायझोबियम गटातील जिवाणू मूलरोमातून शिरतात आणि बाह्यकातील पेशींत गाठी करून राहतात. हवेतील नत्र ते रोपाला वापरता येईल अशा रूपात देतात व त्याच्याकडून अन्न घेतात. कार्यक्षम गाठ कापली असता आतून गुलाबी दिसते. दुसरा पाहुणा फ्युजॅरियम बुरशीचा. तो कोवळ्या भागातून किंवा जखमेतून शिरतो, थेट प्रकाष्ठापर्यंत पोहोचतो आणि पाण्याची वाट कोंडतो. यालाच शेतकरी मर रोग म्हणतात. अशा रोपाचे मूळ उभे चिरले, तर आत तपकिरी-काळपट रेघ आढळते.

रोप कोमेजलेले दिसते तेव्हा शत्रू अंतस्त्वचेच्या आत पोहोचलेला असतो, म्हणून त्यानंतरची फवारणी सहसा व्यर्थ जाते. ही बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकते. त्यामुळे खरा उपाय पेरणीपूर्वीचाच: बियाण्यास ट्रायकोडर्माची प्रक्रिया, पिकांची फेरपालट, पाण्याचा निचरा आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘विजय’ व ‘दिग्विजय’ यांसारख्या मर-प्रतिकारक वाणांची निवड. प्रयोगवहीतील ती आकृती ज्या विद्यार्थ्याला उमगली, त्याने ती सुट्टीत घरच्या बांधावर आई-वडिलांनाही समजावून सांगावी.