किनाऱ्याकिनाऱ्याने शिडाचा प्रवास

श्रोतेहो, नैऋत्येचा जो वारा आपल्या घोटीची भातखाचरे भरतो, तोच कोकणचा दर्या बंद करतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग होड्या लोटायच्या, हा रिवाज नुसता भक्तीचा नव्हे. त्यामागे वाऱ्याचा हिशेब आहे.

तो हिशेब असा. पावसाळा सरला की दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. हे खारे वारे. रात्री जमीन समुद्राआधी निवते, म्हणून वारा उलटा, जमिनीकडून वाहतो. हे मतलई वारे. आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुधा वायव्येचा. त्यामुळे मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या फत्तेमारीला तो पाठीशी मिळे. परतताना तोच नाकासमोर. मग तांडेल काय करी? दुपारी खाडीत नांगर टाकी आणि मध्यरात्रीनंतर मतलई सुटली की शीड चढवून काठ धरून निघे, कारण जमिनीचा वारा कुशीवर येतो आणि उत्तरेसही नेतो. आठ तासांच्या दिवसासाठी भांडण्यात माझे आयुष्य गेले. पण वाऱ्यापुढे हजेरीपत्रक कोण ठेवणार?

दुसरा हिशेब भरतीचा. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. कोकणातल्या कित्येक खाड्यांच्या मुखाशी वाळू साचलेली असते. पाणी चढल्याशिवाय आत शिरता येत नाही.

आता किल्ले पाहा. हर्णैला सुवर्णदुर्ग, वाशिष्ठीच्या मुखाशी गोपाळगड, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग. जिथे गलबताला आसरा, तिथेच पहारा. हर्णै ते जयगड हे अंतर 60 किलोमीटरच्या आत, म्हणजे बऱ्या वाऱ्याची एक मजल. विजयदुर्गाच्या आश्रयाला असलेले आंग्र्यांचे आरमार 1756 साली जळाले. इंग्रज समुद्रातून चालून आले आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून त्यांच्या मदतीला होती. आपल्या घरच्या भांडणाचा असा महाग निकाल क्वचितच लागला असेल. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा आहे. राज्य गेल्यावर त्याला इथे आणून ठेवले आणि 1916 साली तो इथेच वारला. मालवणच्या सिंधुदुर्गाचे काम 1664 साली सुरू झाले. तिथे पाण्याखाली खडक इतके की वाट स्थानिक तांडेलालाच ठाऊक. तटाइतकाच त्या खडकांचाही पहारा होता.

पण हा किनारा आमच्या गिरणी कामगारांचा रस्ताही होता. आगबोटी आल्यावर रत्नागिरीकडचा माणूस तिच्यातूनच गिरणगावात उतरला. अनेक बंदरांना धक्का नव्हता. बोट दूर उभी राही आणि बोचकी, पोरे, म्हातारी माणसे पडावातून काठावर येत. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणाला घरी निघालेले त्यांत कितीतरी. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण झाली, रस्तेही झाले; पण घारापुरीच्या वाटेवर 18 डिसेंबर 2024 रोजी नौदलाची वेगवान नौका प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा जीवरक्षक जाकिटांचा प्रश्न पुन्हा निघाला. माणसे दगावल्यावरच तो का निघावा?

आपल्यापैकी पुष्कळजण सुट्टीत कोकणात जातात. त्यांनी मुरुडजवळच्या राजपुरीला जावे. तिथून जंजिऱ्यास शिडाच्या होडीने जाता येते. बसण्याआधी माणसे मोजावीत, जाकीट मागून घ्यावे. होडी वळताना शीड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कसे घेतात ते पाहावे, आणि परतीची वेळ तांडेलालाच विचारावी. त्या दिवशीची ओहोटी केव्हा, हे तो घड्याळ न पाहता सांगेल.