पायडल मारले, मोटर चालेना

विजेच्या सायकलीच्या पायडलजवळ एक चकती असते. तिच्यात बारीक लोहचुंबक असतात. पायडल फिरले की शेजारचा सेन्सर ते ओळखतो. तो कंट्रोलरला इशारा देतो. मग मोटर जोर लावते.

सेन्सर बिघडला. अकोल्याहून नवा आणला. पिन बसली म्हणजे जमले, असे समजू नका बाप्पा! माझा एक असाच जळाला. तारा तीन असतात. एकीतून ५ व्होल्ट येतात, दुसरी परतीची, तिसरी इशाऱ्याची. कारखान्यागणिक रंग बदलतात. सोबतचा कागद वाचा, तारेला तार जुळवा. जोडण्याआधी बॅटरी काढा.

जोडल्यावर इशाऱ्याच्या तारेला मीटर लावा. पायडल हळूहळू पुढे फिरवा. आकडा खालीवर झाला, तर सेन्सर चांगला. तरी मोटर गप्पच? चकती उलटी बसली असेल, ती पाहा.