कारागृहातील ख्रिस्ती सहभाव गट आणि स्वयंसेवकाची भूमिका : शेंद्रा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंदिवानांपैकी ४,३४,३०२ म्हणजे सुमारे ७६ टक्के न्यायाधीन बंदी होते. एकूण बंदिवानांत पुरुष सुमारे ९६ टक्के होते. अशा पुरुष बंदिवानांमध्ये कार्य करणाऱ्या ख्रिस्ती सहभाव गटांचे स्वरूप व त्यांतील स्वयंसेवकाच्या कार्याच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उगम :
मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात बंदिवानाची भेट ही ख्रिस्ताचीच भेट मानली आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सहायक चार्ल्स कोल्सन यांनी स्वतः कारावास भोगल्यानंतर १९७६ मध्ये 'प्रिझन फेलोशिप' ही संस्था स्थापन केली. भारतात 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया'चे कार्य १९८१ मध्ये केरळात सुरू झाले. बंदिवानावर विश्वास टाकण्याची कल्पना महाराष्ट्रालाही नवी नव्हती. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही बंदिवानांची खुली वसाहत उभी राहिली होती.

कार्याचे स्वरूप :
कारागृह अधीक्षकांच्या परवानगीने ठरलेल्या दिवशी प्रार्थना, भजन, शास्त्रवाचन व चर्चा होते. तथापि, उपदेशापेक्षा ऐकून घेणे अधिक मोलाचे ठरते. ज्याला भेटावयास कोणी येत नाही, त्याला ठरल्या दिवशी येणारा माणूस हाच आधार असतो. या ऐकण्यातून व्यावहारिक साहाय्यही घडते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीस मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, काही अपवाद वगळता, पूर्वी शिक्षा न झालेला न्यायाधीन बंदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत राहिल्यास बंधपत्रावर मुक्ततेस पात्र ठरतो. असे प्रकरण आढळल्यास स्वयंसेवक ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या निदर्शनास आणू शकतो.

मर्यादा :
बंदिवान व स्वयंसेवक यांचे नाते समान पातळीवरचे नसते. एकास हवे तेव्हा बाहेर जाता येते, दुसऱ्यास नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले असले, तरी दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. म्हणून साहाय्य श्रद्धेच्या अटीवर देता कामा नये. प्रार्थनेस न बसणाऱ्यासही तेच साहाय्य मिळाले पाहिजे.

शेंद्र्याचा संदर्भ :
छत्रपती संभाजीनगरातील हर्सूल मध्यवर्ती कारागृहातून सुटलेल्या माणसाला रोजगारासाठी शेंद्रा औद्योगिक वसाहत जवळची आहे. परंतु जेथे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला जातो, तेथे त्याचा मार्ग अडतो. भाड्याची खोली मिळतानाही ओळखीचा जामीन लागतो. कारागृहात वर्षभर भेटणारा गट सुटकेच्या दिवशी दिसेनासा झाला, तर केलेल्या कार्याचा बराचसा भाग वाया जातो. कामावर ठेवणाऱ्या ठेकेदाराशी काहीही न लपवता बोलणे आणि पहिल्या काही महिन्यांत संपर्क ठेवणे, हे अशा वेळी स्वयंसेवकाचे काम आहे.

निष्कर्ष :
सहभाव गटाचे यश प्रार्थनेस जमलेल्यांच्या संख्येवरून मोजता येत नाही. नियमितता, निरपेक्षता आणि सुटकेनंतरची सोबत या तीन कसोट्यांवर ते तपासावे लागते. यांपैकी तिसरी कसोटी कारागृहाच्या भिंतीबाहेर, शेंद्र्यासारख्या ठिकाणीच लागते.