नाटकाचे परीक्षण

घोटी हे इगतपुरी तालुक्यातील, मुंबई-आग्रा मार्गावरचे गाव. भोवतालच्या खाचरांत भाताचे पीक येते आणि पाऊस भरपूर पडतो. समजा, तेथील एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक लहानसे नाटक झाले. श्रावणातील रात्र, खाचराजवळची झोपडी, बाहेर मुसळधार पाऊस आणि आत नातवाला धीर देणारे वृद्ध आजोबा, असा त्यातील देखावा. दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकात एका विद्यार्थ्याने लिहिले, "नाटक बरे झाले, पण आजोबांना काम जमले नाही. त्यांचे बोलणे ऐकूच आले नाही."

हा अभिप्राय न्याय्य आहे काय? मेघगर्जनेसाठी पडद्यामागे पत्रा हलवला जात होता. त्याच्या आवाजात आजोबांचे शब्द बुडून गेले. दोष ध्वनियोजनेचा होता. बोल मात्र नटाला लागला. नाटक हे अनेकांचे काम असते. त्यातील कोणते काम कोणाचे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून असा अन्याय सहज घडतो.

लेखकाने लिहिलेले नाटक म्हणजे संहिता, आणि ती प्रेक्षकांसमोर सादर होते तो प्रयोग. नाटकाच्या मोठ्या भागांना अंक व अंकातील लहान भागांना प्रवेश म्हणतात. पात्रे एकमेकांशी बोलतात ते संवाद. एखादे पात्र मनातले विचार स्वतःशीच बोलते, ते स्वगत. आजोबा हे पात्र आहे. ते रंगवणारा मुलगा हा नट आहे. कोणी कोठून यावे, कोठे थांबावे, कोणते वाक्य कसे उच्चारावे, हे सर्व ठरवून प्रयोगाला एकसंध रूप देतो तो दिग्दर्शक.

रंगमंचावरील झोपडी, कंदील, घोंगडी यांची मांडणी म्हणजे नेपथ्य. संस्कृत नाटकांत हा शब्द पडद्यामागील जागेसाठीही वापरलेला आढळतो. चेहऱ्यावरील सुरकुत्या व पांढऱ्या मिशा ही रंगभूषा; धोतर व मुंडासे ही वेशभूषा. कंदिलाच्या मंद उजेडाचा भास प्रकाशयोजनेने होतो.

संहिता आणि प्रयोग यांतील भेद विशेष ध्यानात ठेवावा. नाशिकचे कवी व नाटककार वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज, यांचे 'नटसम्राट' हे नाटक 1970 साली रंगभूमीवर आले. त्यातील अप्पासाहेब बेलवलकर या वृद्ध नटाची भूमिका प्रथम डॉ. श्रीराम लागू यांनी केली. पुढे दत्ता भट यांनीही ती केली. संहिता तीच, पात्रही तेच. परंतु नट बदलला की प्रयोगाचा रंग बदलतो. म्हणून परीक्षण लिहिताना कथेची स्तुती कोठे संपते आणि अभिनयाची कोठे सुरू होते, हे स्पष्ट असावे.

परीक्षणात आरंभी नाटकाचे व लेखकाचे नाव द्यावे आणि कथानक थोडक्यात सांगावे. शेवट मात्र उघड करू नये. 'छान' किंवा 'वाईट' एवढेच न म्हणता, काय पाहिले व त्याचा परिणाम काय झाला, ते लिहावे. दोष दाखवताना भाषा सौम्य ठेवावी. सत्य मात्र झाकू नये.

या रीतीने भित्तिपत्रकातील ती वाक्ये पुन्हा लिहिली, तर ती अशी होतील : "दुसऱ्या प्रवेशात मेघगर्जनेच्या आवाजामुळे आजोबांचे संवाद मागील रांगांपर्यंत पोहोचले नाहीत. पहिल्या प्रवेशात मात्र याच नटाने वृद्धाचा कापरा स्वर उत्तम साधला होता."

हे वाचून पत्रा हलवणारा पुढच्या वेळी हात आवरील, आणि आजोबा झालेला मुलगा पुन्हा रंगमंचावर उभा राहण्यास कचरणार नाही.