जुनं यान, नवं यान: गेममध्ये न्याय कसा?

आपल्या दीपनगरला २१० मेगावॅटचे संच जुने होते, ५००चे त्यानंतरचे. दोन्ही सारखे म्हटलं तर कोण मानेल?

स्टार ट्रेक ऑनलाइनचा पेच तोच. २०१०च्या या गेमची कथा २४०९मध्ये सुरू होते, पण चाहत्यांना हवं तेविसाव्या शतकातलं कॉन्स्टिट्यूशन यान. वास्तव धरलं तर ते हरणार. ताकद सारखी दिली, तर नव्याला अर्थ काय?

ईव्ह ऑनलाइनकडून शिका. तिथे मोठ्या तोफांना जवळून भरधाव फिरणाऱ्या छोट्या यानावर नेम साधत नाही. म्हणून स्वस्तातलं रिफ्टरही टोळीत कामाचं. ताकद कमी चालेल, पण काम हवंच. नाहीतर ज्याचा खिसा जड, तोच जिंकणार. मग आपण खेळायचं कशाला?