डीझेल इंधनातील ऑक्सिजनयुक्त समावेशके

रेणूत ऑक्सिजनाचा अणू असलेली अल्कोहॉले, ईथरे, एस्टरे इ. कार्बनी संयुगे डीझेल तेलात मिसळली जातात, तेव्हा त्यांस ऑक्सिजनयुक्त समावेशके म्हणतात. धुरातील काजळी कमी करणे हा त्यांचा मुख्य उपयोग होय. एंजिनात तप्त हवेत फवारलेल्या तेलाच्या तुषाराच्या गाभ्यात पुरेशी हवा पोहोचत नाही व तेथेच काजळी तयार होते. इंधनातीलच ऑक्सिजनामुळे ही उणीव अंशतः भरून निघते.

तथापि ऑक्सिजन असला म्हणजे इंधन लवकर पेट घेते, असे मात्र नाही. डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. फवारणी व प्रज्वलन यांमधील विलंब जितका अल्प तितका इंधनाचा सीटेन अंक मोठा. विलंब वाढल्यास साचलेले इंधन एकदम जळून एंजिन ठोके देते. एथिल अल्कोहॉल व डायमिथिल ईथर या दोहोंच्या रेणूंत दोन कार्बन, सहा हायड्रोजन व एक ऑक्सिजन असे सारखेच अणू असतात. ऑक्सिजनाचे प्रमाणही वजनाने सु. ३५ टक्केच. परंतु अल्कोहॉलाचा सीटेन अंक सु. ८, तर ईथराचा ५५ वा अधिक असतो. ईथरात ऑक्सिजन दोन कार्बन अणूंच्या मध्ये असतो. त्यापासून पेरॉक्साइडे बनून शृंखला-विक्रिया झपाट्याने वाढते. अल्कोहॉलात ती बव्हंशी ॲसिटाल्डिहाइडापाशी मंदावते. शिवाय बाष्पीभवनासाठी अल्कोहॉल बरीच उष्णता शोषून हवा थंड करते, ते वेगळेच.

एथिल अल्कोहॉलाच्या मिश्रणाने इंधनाची श्यानता व वंगणक्षमता घटते. पाण्याचा अंश शिरल्यास किंवा थंडीत दोन थर वेगळे होतात, म्हणून सहविद्रावक घालावा लागतो. याहून गंभीर अडचण टाकीतील आहे. नेहमीच्या तापमानास डीझेलाचे बाष्प पेटण्याइतके दाट नसते. पण अल्कोहॉलाचे बाष्प सु. १३° से. लाच ठिणगीने पेट घेते आणि थोड्या मिश्रणानेही इंधन तितकेच धोकादायक बनते. अशा इंधनाची हाताळणी पेट्रोलाप्रमाणेच करणे भाग आहे.

डायमिथिल ईथर सहज पेटते. पण –२५° से. ला उकळत असल्याने ते दाबाखाली साठवावे लागते. त्याचे उष्णतामूल्यही डीझेलाच्या सु. दोन-तृतीयांशच असते.

वनस्पतितेलांपासून केलेली मिथिल एस्टरे (जैव डीझेल) या दृष्टीने सोयीची आहेत. त्यांत ऑक्सिजन सु. ११ टक्के असून सीटेन अंक डीझेलाच्या जवळपास असतो. गंधक काढल्याने घटलेली वंगणक्षमता एकदोन टक्के एस्टरानेही सुधारते. मात्र नायट्रोजन ऑक्साइडे किंचित वाढतात. भारताच्या २०१८ च्या जैव इंधन धोरणात २०३० पर्यंत डीझेलात ५ टक्के जैव डीझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे.