२०० अंश कोणाचे? ओव्हनचे की लोखंडाचे?

काशीमीरा परिसरात, महामार्गालगतच्या औद्योगिक गाळ्यांत ग्रिल, रॅक, पॅनल बॉक्स बनवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मालावर शेवटी पावडर कोटिंग चढते. पश्चिमेला भाईंदरची मिठागरे, उत्तरेला वसईची खाडी. इथल्या दमट, खाऱ्या हवेत कच्चे काम पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच उघडे पडते. दोष मात्र पावडरच्या कंपनीला दिला जातो. बहुतेक वेळा तो तिचा नसतो.

गैरसमज: डिस्प्लेवर २०० दिसले की घड्याळ लावायचे.

डिस्प्ले दाखवतो ते ओव्हनमधल्या हवेचे तापमान. पावडरच्या डेटाशीटवर ‘२०० अंश सेल्सिअस, १० मिनिटे’ असे लिहिलेले असते ते धातूच्या तापमानाबद्दल. एक मिलिमीटरचा पत्रा लवकर तापतो. बारा मिलिमीटरची बेसप्लेट तेवढ्याच वेळात बरीच मागे असते. दोन्ही जॉब एकाच ट्रॉलीवर लटकवले, तर पत्रा पूर्ण भाजून निघतो आणि प्लेट अर्धवट राहते. इंधन वाचवायला सगळा माल एकदम भरण्याचा मोह मी समजू शकतो, पण निदान जाडीप्रमाणे तरी ट्रॉली वेगळ्या करायलाच हव्यात.

अर्धवट भाजलेला थर ओळखणे अवघड, कारण पावडर आधी वितळून पसरते आणि तेव्हाच छान चकाकते. तिचे रेणू एकमेकांत घट्ट गुंफले जातात ते त्यानंतर, आणि खरी ताकद तिथे येते. म्हणून सर्वांत जाड जॉबला थर्मोकपल लावून त्याचे तापमान नोंदवावे आणि मिनिटे तिथून मोजावीत. एमईके या द्रावकात भिजवलेला कापूस घासून पाहिला तर कच्चा थर मऊ पडतो, रंग कापसाला लागतो.

गैरसमज: मग तापमान वाढवले की झाले.

नाही. जास्त भाजल्यावर पांढरा रंग पिवळट होतो, थर ठिसूळ बनतो. १८० अंशांना किती मिनिटे, २०० ला किती, हे डेटाशीटवर असते. तेच पाळावे.

गैरसमज: थर जाड दिला की खालचा गंज, तेल झाकून जाते.

सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने होते. नेहमीचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा. त्याखाली तेल असेल तर पकडच बसत नाही. गंज असेल तर तो आतल्या आत पसरत जातो. म्हणून ‘सेव्हन टँक’ची पद्धत: डीग्रीझिंग, पाणी, ॲसिडमध्ये डीरस्टिंग, पुन्हा पाणी, फॉस्फेटिंग, पुन्हा पाणी, पॅसिव्हेशन. टाक्यांची संख्या गाळ्यागणिक बदलते, क्रम नाही. फॉस्फेटिंगचे ब्रिटिश पेटंट थॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये घेतले. लोखंडावर बसणारा तो करडा, बारीक स्फटिकांचा थर पावडरला पकड देतो आणि ओरखडा पडला तरी गंज पसरू देत नाही.

काटकसर होते ती पाण्याच्या टाक्यांवर. ॲसिडचे किंवा खारट बोअरच्या पाण्याचे क्षार जॉबवर राहिले, तर ते थराखाली ओलावा ओढून घेतात आणि फोड येतात. शेवटची धुलाई क्षारमुक्त पाण्याने व्हायला हवी. डीग्रीझिंग नीट झाले का, हे फुकटात कळते: जॉबवर पाणी ओता. सलग पापुद्र्यासारखे पसरले तर ठीक. थेंब-थेंब होऊन तुटले तर तेल अजून आहे. पावसाळ्यात ॲसिडमधून काढलेले लोखंड बघता बघता तांबूस होते, म्हणून ते उघडे ठेवू नये. फॉस्फेट केलेला माल सुकवून त्याच दिवशी कोट करावा. लेझरने ऑक्सिजन वापरून कापलेल्या कडांवरचा काळा ऑक्साइड आधी घासून काढावा लागतो, नाहीतर रंग तिथूनच सोलतो.

गैरसमज: पावडर सगळी सारखीच.

इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुकटी सोडते. बाल्कनीच्या ग्रिलला प्युअर पॉलिएस्टरच हवी.

दर विचारायला जाल तेव्हा शेडकार्डाआधी टाक्या पाहायला मागा. शेवटचे पाणी कधी बदलले आणि जाड जॉबचे तापमान कसे मोजता, हेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर स्वस्त दर असूनही काम देऊ नका.